भूकंप कळणारी गादी

किस्से गोळा करायला कुठे लांब जावं लागत नाही. पालथं पडून कमरेवर शेकाची पिशवी घेतली, की ते आपोआप गोळा होतात. डहाणूत एका मेडिकलच्या वर, पहिल्या मजल्यावर, आमच्या फिजिओथेरपीच्या मॅडमच्या दोन खोल्या आहेत. तिथे संध्याकाळच्या बॅचला आम्ही तिघं-चौघं कंबरवाले नेमाने असतो. टेबलाला तोंडासाठी एक भोक असतं. त्यात तोंड घातलं की समोर फक्त लादी दिसते. समोरच्याचा चेहरा दिसत नसला की माणूस खरं बोलतो, हा माझा अनुभव. सून, गॅस, शेजारी, बद्धकोष्ठ, सगळं त्या भोकातून खाली लादीवर पडत असतं.

पण आमच्या बॅचचे किस्से इतर गावच्या कंबरवाल्यांसारखे नाहीत. इतर ठिकाणी कंबर दुखली की माणूस विचारतो, गादी कडक घ्यावी की मऊ? आमच्याकडे आधी विचारतात, धक्का बसला तर हिच्यावरून उठता येईल का? डहाणू-तलासरीत काही वर्षांपासून जमीन हलते. कधी लागोपाठ हलते, कधी महिनोन्महिने गप्प असते. गप्प असली की मला जास्त भीती वाटते. आधी लांब कुठेतरी सुरुंग लावल्यासारखा आवाज येतो, मग खिडक्या वाजतात, मग भांडी, आणि मग आपली पाळी.

तर पहिला किस्सा माझाच. स्वतःचं हसं आधी करून घेतलं, की दुसऱ्यांचं करायला मोकळीक मिळते.

*

मला सगळे राऊतबाई म्हणतात. राहते कैनाडला, शिकवते तलासरीकडच्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत. इतकी वर्षं स्कूटीवरून तो रस्ता केला, आणि रस्त्याने माझ्या मणक्यांचं जे करायचं ते केलं. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं, गादी बदला. मुलगा नोकरीनिमित्त वापीला असतो. त्याने आईवरच्या मायेने तिथून एक गादी पाठवली. ती इतकी मऊ की बसलं की आपण तळाला जातो आणि गादी चारी बाजूंनी वर येते. शेजारणी हात लावून बघून गेल्या. मीही मिरवलं थोडं.

एका सकाळी हे दूध आणायला गेले होते आणि मी नुकती जागी झाले होते. आवाज आला. खिडकी वाजली. फळीवरचे डबे एकमेकांना लागू लागले. मी झटक्यात सरळ उठायला गेले, आणि कंबर अशी धरली की ना वर होता येईना ना खाली. हात टेकावा तर हात कोपरापर्यंत गादीत जात होता. घट्ट असं टेकायला काही मिळेचना. वर कौलं होती. मी त्या कौलांकडे बघत पडून राहिले. ओरडलेसुद्धा नाही. अशा वेळी देव आठवतो म्हणतात, मला आठवलं की भिजवलेले वाल उपसायचे राहिलेत.

मग ते थांबलं. कौलं जागच्या जागी होती, आणि मीही. बऱ्याच वेळाने हे आले, दुधाची पिशवी ओट्यावर ठेवली आणि स्वयंपाकघरातूनच म्हणाले, "अगं, चहा नाही ठेवलास अजून?"

ह्यांना काही कळलंच नव्हतं. हे स्कूटरवर होते. कैनाडच्या रस्त्यावर स्कूटर चालवणाऱ्या माणसाला भूकंप वेगळा कसा कळणार!

हा किस्सा मी सगळ्यांना हसत सांगते. पण त्या दिवसापासून मला भूकंपापेक्षा पडून राहण्याची भीती बसली. छत पडलं तर पडलं, पण ते पडताना मी उताणी, डोळे उघडे ठेवून बघत असेन, हे मला सहन होत नाही. मॅडमकडे पहिल्या दिवशी मी कंबर बरी करा म्हटलंच नाही. मला फक्त उठायला शिकवा, म्हटलं.

*

मॅडम वयाने लहान आहेत, नाशिककडच्या. बोलणं मऊ, बोटं लोखंडाची. त्यांनी आम्हा सगळ्यांना एकच मंत्र दिला आहे: कुशीवर वळा, पाय खाली सोडा, हाताने रेटा. सरळ उठायचं नाही, काहीही झालं तरी. झोपायचं तेही कुशीवर, आणि गुडघ्यांमध्ये उशी. उताणं झोपायचं असेल तर उशी गुडघ्यांखाली. पालथं झोपणं बंद. आणि गादी आतून घट्ट, वरून थोडी मऊ. दगडही नको आणि लोणीही नको.

आमच्या बॅचमधले जयंतीभाई ह्या बाबतीत सगळ्यात आज्ञाधारक. स्टेशनजवळ त्यांचं किराणा दुकान आहे. गुजराती माणूस, मराठी आमच्यासारखंच बोलतो, फक्त घाबरला की गुजरातीत जातो. त्यांची अडचण एवढीच होती की झोप लागली की गुडघ्यांमधली उशी निसटायची. मॅडमना विचारायची लाज वाटली. म्हणून त्यांनी घरच्या घरी उपाय काढला. बायकोची, म्हणजे हंसाबेनची, जुनी ओढणी घेतली आणि उशीसकट दोन्ही गुडघे घट्ट बांधून टाकले.

दुपारी दुकान बंद करून ते झोपले होते. धक्का बसला. जयंतीभाई मंत्राप्रमाणे कुशीवर वळले. मंत्राप्रमाणे पाय खाली सोडले. दोन्ही पाय बरोबरच खाली आले, कारण ते एकमेकांना बांधलेले होते! तिथून ते उड्या मारत दारापर्यंत, दारातून ओट्यावर आणि ओट्यावरून थेट गल्लीत आले. सगळी गल्ली बाहेर उभी होती. लोक जमीन विसरून जयंतीभाईंकडे बघायला लागले. हंसाबेन देवाचा डबा छातीशी धरून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "अरे, ओशीकुं तो छोडो!" म्हणजे, अहो, ती उशी तरी सोडा.

आम्ही इतके हसलो की माझ्या कमरेवरची शेकाची पिशवी खाली पडली. जयंतीभाईंचं तोंड मात्र भोकातच होतं. लादीकडे बघतच म्हणाले, "हसा बाई. पण ती गाठ सोडायला गेलो तर माझे हात इतके कापत होते, की सुटेना. शेवटी हंसाने दातांनी सोडली."



*

माझ्या शाळेत खिचडी शिजवायला लखमी धोडी येते. मोठं पातेलं वाकून उतरवून उतरवून तिची कंबर गेली. मीच तिला एक दिवस स्कूटीवर मागे बसवून मॅडमकडे आणलं. तिचा मुलगा उंबरगावच्या कंपनीत लागला आहे. त्याने आईसाठी लाकडी पलंग आणि चांगली जाड गादी घेतली. घरकुलाचं स्लॅबचं घरही नुकतंच झालं होतं. पाड्यावरचा पहिला पलंग म्हणून लोक बघायला आले होते.

मॅडमनी विचारलं, रात्री कशावर झोपता? लखमी म्हणाली, चटईवर, कुडाच्या जुन्या घरात. मॅडम चकित झाल्या. मग तो पलंग आणि गादी कुठे आहे? लखमी म्हणाली, नवीन घरात. आणि तिथे कोण झोपतं, मॅडमनी विचारलं.

"भात," लखमी म्हणाली.

तिने भाताच्या गोणी गादीवर रचून ठेवल्या होत्या. ओल लागत नाही, उंदीर चढत नाही आणि गोणी मोजायला वाकावं लागत नाही. मॅडमना हसू आवरेना. लखमी हसली नाही. तिने पदर नीट केला आणि म्हणाली, "कूड पडला तं उचलून बाजूला ठेवू, बाय. सलाप पडला तं कोण उचलील? भाताला काय लागायचं नाय."

येताना ती स्कूटीवर माझ्या मागे बसली होती. म्हणाली, मुलगा सुट्टीला आला की त्याला वाईट वाटू नये म्हणून ती त्या पलंगावर झोपते. सकाळ होईपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही. मुलगा म्हणतो, बघ, गादीवर किती शांत पडून राहतेस.

*

आता मॅडमचा किस्सा. हा त्यांना माहीत आहे, पण मी तो सगळ्यांना सांगते हे माहीत नाही.

एकदा त्यांना ताप आला म्हणून बॅच बंद होती. मी घरचे चिकू घेऊन त्यांच्या भाड्याच्या खोलीवर गेले. मनात उत्सुकता होती. आम्हाला गादीवरून इतकं ऐकवणाऱ्या बाईची स्वतःची गादी कशी असेल? बघते तर गादी होती उत्तम, आतून घट्ट, वरून मऊ. पण ती उभी होती! लोखंडी कपाटाच्या पुढ्यात, नायलॉनच्या दोरीने कपाटालाच आवळून बांधलेली. आणि खाली, दाराजवळ, व्यायामाच्या पातळ रबरी चटईवर मॅडम झोपल्या होत्या. चटईच्या कडेला चपला, त्याही बाहेर जायच्या दिशेने ठेवलेल्या.

कपाट अंगावर आलं तर मध्ये गादी असावी, एवढाच तिचा उपयोग राहिला होता.

 मला बघून मॅडम ओशाळल्या. म्हणाल्या, आईला सांगू नका, ती नाशिकहून न्यायला येईल. मी विचारलं, "आणि मॅडम, पाठ?" त्या म्हणाल्या, "पाठ नंतर बघू, बाई." मला एकदम माझ्या मुलाची आठवण आली. मी तिथेच बसून त्यांना मऊ भात करून घातला.

*

राहिले सावेकाका. खरं म्हणजे बाकीचे सगळे किस्से मी ह्यांच्यापर्यंत यायलाच सांगत होते.

सावेकाका नरपडचे. सत्तरी ओलांडलेली, चिकूची वाडी, उंच माणूस. आयुष्यभर भरलेल्या करंड्या उचलल्या आणि आता स्वतःला उचलता येत नाही. घरात ते आणि मंदाकाकू दोघंच. काकूंना ऐकू येत नाही. दिवसा कानाला मशीन लावतात, झोपताना काढून डबीत ठेवतात. मग त्यांच्या उशाशी ढोल वाजवा, काही फरक पडत नाही. काकांच्या जिवाला घोर तो एवढाच. आवाज आला तरी तिला कळणार नाही, म्हणून आपल्याला कळलंच पाहिजे.

कंबर फारच दुखायला लागली तेव्हा मॅडमनी त्यांना गादी घ्यायला पाठवलं. डहाणूतल्या दुकानात दुकानदाराने त्यांना चांगल्यातली चांगली गादी दाखवली. म्हणाला, काका, चपला काढा, आडवे व्हा, डोळे मिटा, घाई करू नका. काका आडवे झाले. कितीतरी महिन्यांनी कमरेला टेकू मिळाला होता. त्यांना तिथेच गुंगी आली.

डोळे उघडले तर दुकानात कोणी नाही. काकांना वाटलं, बरा माणूस आहे, गिऱ्हाइकाची झोप मोडू नये म्हणून बाहेर गेला. उठून दारात येतात तर सगळा बाजार रस्त्यावर! दुकानदार पलीकडच्या फुटपाथवरून हातवारे करत होता, काका, बाहेर या, धक्का बसला, केवढा मोठा होता, तुम्हाला कळलं नाही?

काका पांढरे पडले. लोक पांगल्यावर आत आले आणि म्हणाले, ही नको. दुकानदाराला काही समजेना. तो म्हणाला, काका, भूकंपात झोप लागली, ह्यापेक्षा गादीची आणखी काय परीक्षा घ्यायची? काका म्हणाले, "मला भूकंप कळणारी गादी दाखव."

दुकानदाराने आयुष्यात सगळ्या तऱ्हेची गिऱ्हाइकं पाहिली होती, पण हे मागणं पहिलंच. शेवटी काकांनी काथ्याची सगळ्यात कडक गादी नेली. ती महिनाभर वापरली आणि मग तीही काढून टाकली, मधे काथ्या येतो म्हणून. आता नुसत्या फळीवर सतरंजी टाकून झोपायला लागले. फळीच्या पलंगाचे पाय थेट लादीवर. लांबून ट्रक गेला तरी ह्यांना कळायचा. आवाज आला की हे उठायचे, काकूंच्या पलंगाशी जायचे, खांद्याला हात लावायचे आणि दोघं अंगणात येऊन चिकूखाली बसायचे. हे सांगताना काकांच्या आवाजात नेहमी थोडं कौतुक असायचं. म्हणायचे, हात लावला की लगेच उठते बिचारी. कधी कुरकुर नाही, काय झालं म्हणून विचारणं नाही.

कंबर मात्र दिवसेंदिवस वाकत गेली. मॅडम एकदा चिडल्या. म्हणाल्या, असंच फळीवर झोपत राहिलात तर ऑपरेशनशिवाय इलाज राहणार नाही, आणि ह्या वयात त्यानंतर चालता येईलच असं मी सांगू शकत नाही. काका शांतपणे म्हणाले, "मॅडम, कंबर गेली तर माझ्या एकट्याची जाईल. मला कळलं नाही तर आम्ही दोघं जाऊ."

मॅडमनी त्यांचा पट्टा आवळला.

*

हा पट्टा म्हणजे कंबर ओढायच्या मशीनचा. उताणं झोपवतात, एक पट्टा छातीला, एक कमरेला, आणि मशीन दोन्ही पट्ट्यांना दोन बाजूंना हळूहळू ओढतं. बांधलेल्या माणसाला स्वतःहून सुटता येत नाही. काकांना तो रोज मिळायचा.

त्या दिवशी काका मशीनवर होते. जयंतीभाई शेक घेत होते. मी बाजूच्या टेबलावर, गुडघ्यांमध्ये उशी घेऊन. काका आल्यापासून जरा अस्वस्थच होते. काकूंना सकाळपासून ताप होता. गोळी देऊन, कानाचं मशीन डबीत ठेवून त्यांना झोपवून आले होते. येणारच नव्हतो, म्हणाले, पण तिनेच ढकललं.

सगळ्यात आधी काकांनाच कळलं. आवाजसुद्धा आला नव्हता. ते छताकडे बघत एवढंच म्हणाले, "आला."

मग आवाज आला. काच वाजली, दिवे गेले, पंखा डगमगायला लागला. जयंतीभाई शेकाची पिशवी कमरेला बांधलेलीच ठेवून जिना उतरून गेले. मॅडम काकांच्या पट्ट्याला भिडल्या. छातीचा निघाला, कमरेचा निघेना. त्यांची ती लोखंडाची बोटं बकलावरून घसरत होती. मी कुशीवर वळले. पाय खाली सोडले. हाताने रेटलं. आणि मी उभी राहिले. ज्याच्यासाठी इतके महिने इथे येत होते ते झालं, आणि मला त्याचा आनंदसुद्धा झाला नाही. मी दारापर्यंत गेले आणि परत फिरले. खोटं सांगत नाही, शौर्य वगैरे काही नाही. जिना हलताना दिसला, म्हणून फिरले. परत येऊन काकांचा हात धरून उभी राहिले. त्यांना धीर द्यायला की स्वतःला, ते मला अजून माहीत नाही.

हलायचं थांबलं तेव्हा छताचा चुना काकांच्या कपाळावर पडला होता. ते पट्टा सोडा म्हणाले नाहीत. म्हणाले, "मंदा एकटी आहे."

फोन लावला. धक्क्यानंतर नेटवर्क कुठलं असायला! आणि लागला असता तरी मशीन काढलेल्या बाईला घंटी ऐकू कशी येणार? एकदाचा पट्टा निघाला. काका एका झटक्यात सरळ उठले. मॅडम ओरडल्या नाहीत. जयंतीभाई खाली त्यांची गाडी चालू करून उभेच होते. मी मागे बसले, काका पुढे.

नरपडचा रस्ता एरवी मला आवडतो. त्या दिवशी तो संपता संपेना. दोन्ही बाजूंना माणसं घराबाहेर उभी होती, कडेवर पोरं, कोणाच्या हातात पोळपाट तसाच. एका ठिकाणी कुंपणाची भिंत रस्त्यावर आली होती. जयंतीभाईंनी गाडी विटांच्या बाजूने काढली. तोंडाने गुजरातीत काहीतरी पुटपुटत होते, बहुतेक देवाचं नाव. काका कमरेत वाकून, डॅशबोर्ड दोन्ही हातांनी धरून बसले होते.  मी मागून त्यांच्या मानेकडे बघत होते. मला खूप भीती वाटत होती, आणि ती माझी नव्हती.

वाडीचं फाटक आलं. घर उभं होतं. पण झोपायच्या खोलीच्या बाजूची कौलं खाली आली होती. अंगणात तुकडे पडले होते आणि वर काळं भगदाड.

काका गाडीतून उतरले आणि "मंदा, मंदा" करत निघाले. तिला ऐकू येत नाही, हे त्यांना माहीत होतं. तरी हाका मारत होते. जयंतीभाईंनी माझा दंड धरला. मला पुढे पाऊल टाकवेना.

मंदाकाकू चिकूखाली उलट्या करंडीवर बसल्या होत्या. अंगावर शाल. मांडीवर काकांचा दुसरा चष्मा, त्यांच्या गोळ्यांचा डबा आणि स्वतःच्या कानाच्या मशीनची डबी. काकांना बघितलं तशी त्यांनी डबी उघडून मशीन कानाला लावलं. म्हणाल्या, "सावकाश. कौलांचे तुकडे आहेत खाली."

 काका म्हणाले, "तुला कोणी उठवलं?"

"उठवायला कोण कशाला हवं? कान गेलेत माझे. पाठ शाबूत आहे. पाठीला कळतं."

"नेहमी कळतं?"

"तुमच्या आधी."

काका तिच्याकडे बघत राहिले. "मग उठत का नव्हतीस?"

"तुम्ही उठवायला यायचात ना," काकू म्हणाल्या. मग आमच्याकडे वळून, पाहुणे आल्यावर म्हणतात तशा, बसा, चहा घेणार ना म्हणाल्या, आणि घरात जाता येत नाही हे लक्षात येऊन स्वतःच थांबल्या.

काका खाली बसले. मॅडमनी शिकवलेलं काहीही न पाळता, धपकन, मातीत. काकूंनी त्यांच्या कपाळावरचा चुना पदराने पुसला. जयंतीभाईंनी पाठ फिरवली आणि आपल्या कमरेची ती पिशवी सोडायला घेतली. ह्या वेळी गाठ पटकन सुटली.

*

पुढच्या आठवड्यात मी डहाणूतल्या त्याच दुकानात गेले होते. वापीची गादी लखमीच्या भाताला देऊन टाकली होती आणि मला नवीन हवी होती. तिथे सावेकाका एका गादीवर आडवे झालेले, कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी, डोळे मिटलेले.

दुकानदार घुटमळत होता. शेवटी राहवलं नाही म्हणून म्हणाला, "काका, ही तीच. हिच्यावर तुम्हाला भूकंप कळत नाही."

"माहीत आहे," डोळे न उघडता काका म्हणाले. "टेम्पोत चढव."